पाव किलो शिसवी आणि एका माणसासाठी घडवलेली बास गिटार

सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांना शिसवी लाकडाची ओळख करून द्यावी लागत नाही. आजोबांचा पलंग, माजघरातला झोपाळा, देवघरातला चौरंग, लग्नात आलेले कपाट, यांपैकी काही ना काही प्रत्येक घरात असते किंवा कधीकाळी होते. काळपट जांभळ्या रेषांचे, हाताला गार लागणारे, उचलताना दोन माणसे लागणारे हे लाकूड. जगभरच्या लक्षावधी गिटारींवर वाजवणाऱ्याची बोटे ज्या पट्टीवर फिरतात, ती पट्टी याच लाकडाची असते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. व्यापारात त्याला ‘इंडियन रोजवुड’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. खानापूर, लोंढा, दांडेलीपासून गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंतचा सह्याद्री हा त्याच्या घराचाच भाग.

हा विषय आज मांडण्याला तीन कारणे आहेत. पहिले, २०१७ पासून या लाकडाच्या व्यापाराचे आंतरराष्ट्रीय नियम पुन्हा पुन्हा बदलले, आणि २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समरकंदला भरलेल्या परिषदेत वाद्यांच्या लाकडाचा प्रश्न पुन्हा चर्चेला आला. दुसरे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हाताने घडवलेल्या वाद्याकडे सरकार आणि बाजार दोघांचेही लक्ष गेले आहे. तिसरे कारण घरचे आहे. आपल्या कुटुंबांतली मुले-मुली आता तबला-पेटीबरोबर गिटार, बास गिटार, ड्रम्सही वाजवतात. काहींना स्वतःच्या हाताच्या मापाची बास गिटार करून घ्यायची असते, तर काहींना ती घडवण्याचाच व्यवसाय करावासा वाटतो. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना या धंद्याचे स्वरूप आणि अडचणी माहीत असाव्यात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: एका माणसासाठी, एकेक करून वाद्य घडवणे हा या दुर्मिळ लाकडाचा सर्वांत योग्य उपयोग आहे. पण लाकडाचे आणि कराचे आजचे नियम कारखाना आणि ठोक व्यापारी डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. एकट्या कारागिराला ते बसत नाहीत, आणि त्यामुळे आपल्या भागाच्या वाट्याला लाकूड पुरवणे एवढेच काम येते.

बास गिटार मापाने का करून घ्यायची?

विजेवर चालणारी बास गिटार हे वाद्य तसे तरुण आहे. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. त्याआधी बँडमध्ये खालचे स्वर देण्यासाठी माणसाएवढा उभा डबल बास लागे. नव्या वाद्याला चार तारा, ३४ इंची तारेची लांबी आणि पडदे होते. ‘प्रिसिजन’ हे नाव पडद्यांमुळेच पडले, कारण त्यामुळे स्वर नेमका लागतो. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या काळात या वाद्याला मोठे स्थान मिळाले. टोनी वाझ आणि चरणजित सिंग यांचे बासवादन आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे, फक्त त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात.

कारखान्यातली बास गिटार एका मापाची असते, वाजवणारे मात्र एका मापाचे नसतात. ३४ इंचांची तार म्हणजे पहिल्या पडद्यापर्यंत डावा हात चांगलाच ताणावा लागतो. लहान चणीच्या माणसाला तासाभराने मनगट दुखू लागते. मान जड आणि अंग हलके असेल तर पट्टा गळ्यात घातल्यावर गिटारचे डोके खाली झुकते आणि वाजवणारा डाव्या हाताने ती सावरत बसतो. चार तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ८० किलो भरतो. तो सतत मानेवर असतो, म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई बसवून तिने मानेचा बाक राखावा लागतो. पाचवी, आणखी खालची तार जोडली तर तिचा स्वर सेकंदाला सुमारे ३१ कंपनांचा असतो. ती तार ढिली, घुमी वाजू नये म्हणून काही कारागीर लांबी ३५ इंच करतात. उलट स्टॅन्ली क्लार्क हे मुळात डबल बास वाजवणारे. त्यांची ओळख बनलेली अलेम्बिकची बास गिटार जेमतेम पावणेएकतीस इंचांची आहे.

म्हणून १९७० नंतर अमेरिकेत एकेका वादकासाठी बास घडवणाऱ्यांची परंपरा उभी राहिली. वादक अँथनी जॅक्सन यांना खाली एक आणि वर एक अशा दोन जादा तारा हव्या होत्या. त्यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये सहा तारांची बास घडवली. तेव्हा ती अनेकांना विचित्र वाटली. आज सहा तारांची बास कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते. ब्रुकलिनमधली फोडेरा ही छोटी कार्यशाळा १९८३ मध्ये सुरू झाली आणि जगभरचे वादक तिच्याकडे मागणी नोंदवू लागले. एका वादकाची गरज आणि एका कारागिराचा हात यांतून जे निघाले, ते पुढे कारखान्यांनी उचलले, असा या वाद्याचा इतिहास आहे.

कारागीर आधी काय विचारतो, हे पाहिले की हा धंदा कळतो. बसून वाजवणार की उभ्याने? बोटांनी, पिकने की अंगठा आपटून? पुलापाशी दोन तारांत १९ मिलिमीटर अंतर हवे की १७? मानेची जाडी किती? पडदे हवेत की बिनपडद्याची? आपल्या रागसंगीताची सवय असलेल्याला मींड काढायची असते, तो बहुधा बिनपडद्याची मागतो. ही सगळी उत्तरे मिळाल्यावर लाकूड निवडायचे, ते हवामानाला मुरू द्यायचे, मान पट्ट्या चिकटवून घडवायची, पडदे ठोकून घासायचे, पिकअप आणि तारांची जोडणी करायची. पावसाळ्यात बेळगाव-गोव्याची हवा लाकूड फुगवते, उन्हाळ्यात ते आक्रसते. इथे घडवणारा कारागीर हे पाहतच शिकतो.

मिरजेला हे नवीन नाही

वाद्य पाश्चात्त्य असले तरी काम आपल्याला अनोळखी नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये करायला घेतली. आज देशभरचे गायक तंबोऱ्यासाठी मिरजेला येतात. गायक पुरुष की बाई, पट्टी काळी एक की काळी पाच, आवाज जाड की बारीक, यावर भोपळ्याचा घेर ठरतो, तारा ठरतात. शेवटी कारागीर गायकासमोर बसून जवारी काढतो. घोडीवरचा उतार केसभर घासायचा, तार छेडायची, गायकाचा चेहरा पाहायचा, पुन्हा घासायचे. दोन गायकांच्या तंबोऱ्यांची जवारी एकसारखी नसते.

मापाची बास गिटार घडवणारा हेच करतो. फरक एवढाच की जवारीच्या जागी पडद्यांची उंची आणि मानेचा बाक येतो, आणि भोपळ्याच्या जागी लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार येते. मिरज, बेळगाव, लोंढा आणि गोवा हे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. एका टोकाला तंतुवाद्याचे शास्त्र, मधे शिसवीचे जंगल, दुसऱ्या टोकाला गोव्याचा बँड आणि चर्चसंगीताचा वारसा. या पट्ट्यात हा व्यवसाय रुजावा यात आश्चर्य काहीच नाही. तो अजून तुरळक का आहे, हाच खरा प्रश्न आहे.

पाव किलोचा हिशेब

बास गिटारमध्ये शिसवी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लागते: बोटे फिरतात त्या पट्टीत, म्हणजे फिंगरबोर्डमध्ये. लाकूड कठीण असल्यामुळे तारांनी झिजत नाही, अंगचे तेल असल्यामुळे घामाने खराब होत नाही. ही पट्टी साधारण ७० सेंटिमीटर लांब, सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड असते. तिचे वजन पाव किलोच्या आसपास भरते. कापताना जाणारा भुसा आणि तुकडे धरले तरी दहा किलो चांगल्या शिसवीत वीस-पंचवीस गिटारींचे काम होते. तेवढ्या लाकडात एक बऱ्यापैकी टेबलही होत नाही.

अंगासाठी शिसवी लागत नाही. परदेशात अ‍ॅश, अल्डर, मेपल वापरतात. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तुणीचे लाकूड वापरतात. तूण, शिवण, फणस यांचा अंगासाठी विचार करता येतो. म्हणजे मापाचे वाद्य घडवणारा माणूस सर्वांत कमी शिसवी घेऊन तिच्यावर सर्वांत जास्त दिवस काम करतो. एका वाद्यामागे पाव किलो शिसवी आणि काही आठवड्यांची मजुरी असे ते प्रमाण आहे. फिंगरबोर्डची नुसती पट्टी परदेशी विकली तर लाकूड तेवढेच जाते आणि मजुरी जवळजवळ सगळी तिकडे मिळते.

इंडोनेशियाकडे पाहावे. हेच झाड जावात ‘सोनोकेलिंग’ नावाने लागवडीत वाढवले जाते. त्याच जावात सुराबाया इथे कोर्टसारख्या कंपनीचा मोठा कारखाना आहे आणि तिथून अनेक ब्रँडच्या गिटारी आणि बास गिटारी तयार होऊन जगात जातात. झाड तेच, पण त्यांनी वाद्यही केले.

साइट्सचा फटका आणि सवलत

संकटग्रस्त प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार म्हणजे ‘साइट्स’. भारत १९७६ पासून त्यात आहे. ब्राझीलची शिसवी १९९२ मध्येच सर्वांत कडक यादीत, म्हणजे पहिल्या परिशिष्टात गेली. तिची जागा भारतीय शिसवीने घेतली आणि मागणी आपल्याकडे वळली. पुढे चीनमध्ये ‘हाँगमू’ या शाही पद्धतीच्या फर्निचरची मागणी इतकी वाढली की आफ्रिका आणि आशियातली शिसवीची जंगले तोडली जाऊ लागली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत डाल्बर्जिया हे सबंध कुळ दुसऱ्या परिशिष्टात टाकले गेले आणि २ जानेवारी २०१७ पासून अंमल सुरू झाला.

दोष फर्निचरचा होता, पण चटका वाद्यांनाही बसला. शिसवी पट्टी असलेले प्रत्येक वाद्य विक्रीसाठी देशाबाहेर जाताना परवाना लागू लागला. मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. फेंडरने मेक्सिकोतल्या कारखान्यात शिसवी सोडून दक्षिण अमेरिकेतले पाऊ फेरो लाकूड घेतले. स्क्वायर आणि एपिफोन यांसारख्या स्वस्त ब्रँडनी ‘इंडियन लॉरेल’ घ्यायला सुरुवात केली. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, आपल्या जंगलात जागोजाग दिसणारा. म्हणजे लाकूड बदलले तरी जंगल आपलेच राहिले.

कारखान्याला हजार वाद्यांमागे एक परवाना काढणे जमते. वर्षाला दहा-बारा वाद्ये करणाऱ्याला प्रत्येक परदेशी ग्राहकासाठी तेवढीच धावपळ करावी लागे. वाद्यवृंद आणि वादकांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि सुट्या वस्तू यांना सवलत मिळाली. ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली. ब्राझीलच्या शिसवीला ही सवलत नाही. २०२२ मध्ये पनामा इथे भारताच्या आग्रहामुळे आणखी एक खुलासा झाला: दहा किलोची मर्यादा सगळ्या मालाची एकत्र न मोजता प्रत्येक वस्तूची वेगळी मोजायची. भारत सरकारने त्या वेळी सांगितले होते की २०१७ आधी शिसमाच्या हस्तकला आणि फर्निचरची निर्यात वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये होती, ती ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या पोटावर परिणाम झाला.

समरकंदला २०२५ मध्ये चर्चा झाली ती व्हायोलिनच्या गजासाठी लागणाऱ्या ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाची. ते पहिल्या परिशिष्टात टाकावे असा ब्राझीलचा प्रस्ताव होता. ते दुसऱ्याच परिशिष्टात राहिले, पण अटी कडक झाल्या. आपल्या शिसवीला मिळालेली सवलत कायमची आहे असे धरून चालू नये, एवढा बोध यातून घ्यावा. भारतीय शिसवी आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. झाड हळू वाढते आणि ओंडक्याला चोरटी मागणी आहे. जंगल घटत राहिले तर नियम पुन्हा आवळले जातील, आणि ते योग्यही असेल.

पट्टी की फळी? गिब्सनचे प्रकरण

नियम कसे अडकवतात याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्याच लाकडाचे आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने गिब्सन कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेल्या शिसवी-आबनुसाच्या पट्ट्या जप्त केल्या. अमेरिकेचा लेसी कायदा २००८ पासून लाकडालाही लागू आहे. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेले लाकूड अमेरिकेतही बेकायदा ठरते, असे तो म्हणतो. भारतातून देशी झाडाचे ओंडके आणि चिरलेले लाकूड पाठवायला बंदी आहे, वाद्याचे भाग पाठवायला नाही. प्रश्न असा होता की पडदे न बसवलेली, नुसती कापलेली पट्टी ही चिरलेली फळी धरायची की वाद्याचा भाग?

ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाच्या जुन्या प्रकरणासाठी गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय लाकडाच्या बाबतीत भारताच्या नियमांतच संदिग्धता असल्याचे मान्य केले गेले आणि ते लाकूड परत मिळाले. गिब्सनकडे वकिलांची फौज होती. बेळगाव किंवा म्हापशातल्या कारागिराचे एक पार्सल परदेशी बंदरात अडकले तर त्याची वर्षाची कमाई जाते. आम्हाला यातून एकच सरळ निष्कर्ष दिसतो: अर्धवट घडवलेला माल वादात सापडतो, पूर्ण घडवलेले वाद्य सापडत नाही. २०१९ ची साइट्सची सवलतही ‘तयार’ या शब्दावरच उभी आहे. त्यामुळे इथेच पूर्ण वाद्य घडवणे हे कमाईच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित आहे.

घरचे अडथळे

परदेशातले नियम सुटले तरी घरचे उरतात. पहिला अडथळा लाकूड मिळण्याचा. वनखात्याच्या डेपोत लिलाव होतो तो ओंडक्यांचा. चार पट्ट्या हव्या असलेला माणूस ओंडका घेऊ शकत नाही. तो व्यापाऱ्याकडून फळी घेतो, आणि त्या फळीबरोबर ती कुठल्या डेपोतल्या कुठल्या ओंडक्याची याचा कागद मिळेलच असे नाही. परदेशी ग्राहक नेमका तोच कागद मागतो.

दुसरा अडथळा सीमेचा आहे आणि तो आपल्या भागाला सर्वांत जास्त जाणवतो. लाकडाच्या वाहतुकीचे नियम राज्यागणिक वेगळे. पुण्याच्या कारागिराला नाशिकहून लाकूड आणायचे तर तो एकाच राज्यात असतो. बेळगावच्या माणसाला मात्र कोल्हापूर परराज्य आणि पणजीही परराज्य. दांडेलीची फळी चोर्ला किंवा अनमोड घाटातून गोव्याला न्यायची तर वाहतूक पास हवा. केंद्राने २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभर एकच पास चालावा म्हणून ऑनलाइन व्यवस्था सुरू केली, ही चांगली गोष्ट आहे. पण ती ट्रकभर माल नेणाऱ्याला जेवढी सोयीची, तेवढी पिशवीत चार पट्ट्या नेणाऱ्याला व्हायला हवी.

तिसरा अडथळा कराचा. जीएसटीत हाताने बनवलेल्या देशी वाद्यांची १३४ नावांची यादी आहे आणि त्यांना कर शून्य आहे. सतार, सरोद, तंबोरा, तुणतुणे त्यात आहेत, ते योग्यच. त्याबाहेरच्या वाद्यांवर सुरुवातीला २८ टक्के कर होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये तो १८ टक्के झाला. हाताने घडवलेली बास गिटार या दुसऱ्या गटात येते. चीनहून आलेली कारखान्याची गिटार आणि इथे महिनाभर राबून केलेली गिटार एकाच दराने मोजली जाते.

ही यादी नीट पाहिली तर विचार करायला लावते. तिच्यात हाताने भाता ओढण्याची हार्मोनियम आहे आणि मोहनवीणाही आहे. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण ती परकी मानली गेली. पण गोविंदराव टेंब्यांपासून आजपर्यंत मराठी माणसाने तिला इतके आपले केले की आज ती सरकारी यादीत ‘देशी’ आहे. मोहनवीणा तर विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्येच बदल करून घडवली. म्हणजे वाद्य कुठे जन्मले यावर देशीपण ठरत नाही, ते कोणी आणि कसे घडवले यावर ठरते, हे सरकारने आधीच मान्य केले आहे. मग यादी वाद्याच्या नावाऐवजी घडवण्याच्या पद्धतीवर का असू नये?

आक्षेप

या म्हणण्याला तीन आक्षेप येतील आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला: मापाची बास गिटार ही मूठभर श्रीमंतांची हौस आहे. ती महाग असते हे खरे. पण मिरजेचा उत्तम तंबोराही स्वस्त नसतो, आणि तो घेणारे बहुतेक गायक श्रीमंत नसतात. ज्याचे पोट त्या वाद्यावर आहे, तो वीस वर्षे टिकणाऱ्या वाद्यासाठी पैसे साठवतो.

दुसरा: चांगले पिकअप, खुंट्या, पूल हे भाग बाहेरून आणावे लागतात, मग ‘इथले’ काय उरले? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. पण पिकअप गुंडाळणे हे काही अशक्य कोटीतले काम नाही, आणि धातूकामात बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने कोणाला हार जाणारे नाहीत. पुलासाठी पितळेचा किंवा स्टीलचा तुकडा घडवणे त्यांना जड नाही. मागणी आली की हे भागही इथे होतील.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: छोट्या कारागिरांना सवलत दिली तर तिच्या आडून लाकूडचोर शिरतील. हे होऊ शकते. म्हणूनच आम्ही झाडतोडीवरचे किंवा ओंडक्यांवरचे नियम सैल करा असे म्हणत नाही. ते आणखी कडक झाले तरी चालतील. आमचे म्हणणे उलट बाजूने आहे. वनखात्याने डेपोतच ओंडका चिरून, शिक्का मारून, क्रमांक घालून लहान पट्ट्या विकाव्यात आणि त्या नोंदवलेल्या वाद्यकारांनाच द्याव्यात. प्रत्येक पट्टीचा हिशेब लागेल. कारागिराला कागद मिळेल आणि खात्याला जास्त भाव मिळेल. हस्तकला निर्यातीसाठी ‘वृक्ष’ प्रमाणपत्राची पद्धत आहेच. तिचे छोटे रूप करणे अवघड नसावे.

आपल्या घरांसाठी

धोरण बदलायला वेळ लागेल, पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

जुने शिसवी फर्निचर भंगाराच्या भावात देऊ नका. फ्लॅटमध्ये पलंग मावत नाही म्हणून तो मोडून विकला जातो. त्याच्या आडव्या फळ्या पन्नास-साठ वर्षे मुरलेल्या असतात आणि वाद्यकाराला असेच लाकूड हवे असते. विकायचे झालेच तर आधी पलंगाचे फोटो काढा, जुनी पावती किंवा मृत्युपत्रातला उल्लेख असेल तर त्याची प्रत द्या आणि विक्रीची साधी लेखी नोंद करा. त्या कागदामुळे लाकूड कुठून आले हे कारागीर सांगू शकेल, आणि त्यासाठी नवे झाड तोडावे लागणार नाही.

मुलासाठी किंवा मुलीसाठी बास गिटार करून घेणार असाल तर तारांची संख्या, लांबी, वजनाची मर्यादा, लाकडाची नावे, मुदत आणि दुरुस्तीची हमी हे सगळे लिहून घ्या. कारागिराला मुलाचा हात पाहू द्या, त्याला बसून आणि उभ्याने वाजवायला लावा. आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्या. पहिल्या पावसाळ्यानंतर मानेचा बाक पुन्हा जुळवून देण्याचे ठरवून ठेवा. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की भारतीय शिसवीचे तयार वाद्य बरोबर नेताना आता साइट्सचा परवाना लागत नाही, तरी लाकडाचे नाव लिहिलेली पावती जवळ असावी.

आणि घरातले कोणी हा व्यवसाय करायचे म्हणत असेल तर ‘सुतारकाम करणार का?’ असे म्हणून त्याला गप्प करू नका. त्याला आधी मिरजेला पाठवा. जवारी काढणाऱ्या कारागिराशेजारी महिनाभर बसला तर तार, लाकूड आणि कान यांचे नाते त्याला कळेल. पिकअप आणि वायरिंग नंतर शिकता येते.

सीमाभागातल्या आपल्या माणसांना दोन राज्यांच्या मधे राहण्याचा तोटाच बहुधा सोसावा लागला आहे. या एका बाबतीत तीच जागा फायद्याची ठरू शकते. जंगल, कारागीर आणि वादक तिघेही शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. डेपोतून लहान पट्ट्यांची विक्री आणि करयादीतला बदल या दोन मागण्या लोकप्रतिनिधींपुढे आणि वनखात्यापुढे लेखी मांडाव्यात असे आमचे मत आहे. यावर सभासदांचे विचार, सूचना आणि विरोधही जरूर कळवावेत. ज्यांच्या घरी वाद्य घडवणारे किंवा लाकडाच्या व्यवसायातले कोणी असेल, त्यांच्या अनुभवाचा या निवेदनाला विशेष उपयोग होईल.